रद्द केलेल्या सहलीचा हिशेब

2025 च्या मे महिन्यात आम्ही काश्मीरला जाणार होतो. अम्मी, मी, बायको आणि दोन मुलं. फेब्रुवारीतच श्रीनगरच्या राजबाग भागातल्या एका छोट्या हॉटेलात चार रात्रींसाठी दोन खोल्या एका बुकिंग अ‍ॅपवरून घेऊन ठेवल्या होत्या. एका खोलीचे रात्रीला 2,400 रुपये, म्हणजे एकूण 19,200. त्यावर 12 टक्के जीएसटीचे 2,304. वर अ‍ॅपची ‘कन्व्हिनियन्स फी’ 596. सगळे मिळून 22,100 रुपये क्रेडिट कार्डावरून गेले. याच खोल्या, रद्द करता येतील अशा दराने घेतल्या असत्या तर अडीच-तीन हजार जास्त पडले असते. मी स्वस्तातला दर घेतला. त्याखाली बारीक अक्षरात ‘नॉन-रिफंडेबल’ असं लिहिलेलं होतं आणि ते मी वाचलंही होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं भांडण त्या एका शब्दावरून झालं.

22 एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये 26 माणसं मारली गेली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवली, पुणे आणि पनवेलची. धर्म विचारून गोळ्या घातल्या, हे वाचलेल्यांनी सांगितलं. त्याच मैदानात पर्यटकांना वाचवायला गेलेला सय्यद आदिल हुसैन शाह हा घोडेवालाही मारला गेला. दोन दिवसांत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश फिरू लागले. काश्मीरच्या सहली रद्द करा, त्यांच्या पोटावर मारा म्हणजे त्यांना कळेल. ‘त्यांना’ म्हणजे कोणाला, हे लिहिणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही.

अशा वेळी ग्रुपमधल्या एकट्या मुस्लीम घराची पंचाईत वेगळी असते. ‘आम्ही जाणार आहोत’ म्हटलं तर त्याचा एक अर्थ लावला जाईल, ‘आम्हीही रद्द करतोय’ म्हटलं तर दुसरा. मी गप्प बसलो आणि बुकिंग तसंच ठेवलं. भीती वाटत नव्हती असं नाही. मुलं लहान आहेत. पण अम्मी म्हणाली, “त्या घोडेवाल्याच्या घरी आता कमावणारं कोण उरलं असेल?” तिच्या या प्रश्नानंतर रद्द करण्याचं बटण दाबायला हात होईना.

शेवटी निर्णय आमच्या हातात राहिलाच नाही. एप्रिलच्या अखेरीस काश्मीरमधल्या 87 पैकी 48 पर्यटनस्थळं सुरक्षेसाठी बंद झाली. 7 मेला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि श्रीनगरचा विमानतळ प्रवाशांसाठी बंद झाला. आमचं विमान 9 तारखेचं होतं. विमान कंपनीने स्वतःहून ते रद्द केलं आणि आठवडाभरात तिकिटाचे पूर्ण पैसे परत केले. 8 मेला मी हॉटेलचं बुकिंग रद्द करायला अ‍ॅप उघडलं. तिथे लिहिलं होतं: परत मिळणारी रक्कम 0.

ग्राहक सेवा केंद्राला फोन केला. उत्तर मिळालं, “सर, ही हॉटेलची पॉलिसी आहे. हॉटेलने मंजुरी दिली तर आम्ही बघू.” ठीक आहे म्हणून हॉटेलला फोन लावला. मालक साठीच्या पुढचे. मी भीतभीतच विषय काढला, कारण ज्याचा अख्खा हंगाम बुडालाय त्याच्याकडे पैसे परत मागायचे होते. मी बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं, “बेटा, तुम्ही सगळे घरीच आहात ना?” मग म्हणाले, की अ‍ॅपवाले आम्हाला पैसे पाहुणा आल्यानंतर देतात. तुमचा एक रुपयाही अजून माझ्याकडे आलेला नाही. आणि आला असता तरी मी ठेवला नसता. त्यांनी आपल्या बाजूने शुल्कमाफीला मंजुरी दिली आणि तसा दोन ओळींचा ईमेल मला आणि अ‍ॅपलाही पाठवला.

मला वाटलं, काम झालं. मी पुन्हा फोन केला. आता उत्तर बदललं होतं. “सर, हॉटेलची मंजुरी आलीय, पण रेट प्लॅन नॉन-रिफंडेबल आहे.” तिसऱ्या वेळी एक मेहरबानी झाली. सहा महिन्यांत त्याच अ‍ॅपवर वापरायचं 5,000 रुपयांचं कूपन देऊ केलं. ते घेतलं तर प्रकरण मिटलं असं धरलं जाणार होतं. मी नाही म्हटलं.

इथे थांबून हिशेब बघा. मी राहिलो नाही. हॉटेलमालकाला पैसे नको आहेत आणि मिळालेलेही नाहीत. त्यांचं नुकसान झालं ते खोऱ्यात कोणी येत नाही म्हणून, मी आलो नाही म्हणून नव्हे. सरकारला कर द्यायचा तर सेवाच दिली गेलेली नाही. मग 21,504 रुपये कोणाचे? ज्याचं काहीच बुडालं नाही आणि ज्याला त्याच्या कामाचे 596 रुपये वेगळे मिळालेत, त्या मधल्या माणसाचे. माझा आक्षेप नेमका इथे आहे. रद्द करण्याचं शुल्क असू नये असं माझं म्हणणं नाही. ते ज्याचं नुकसान झालं त्याला मिळावं आणि नुकसानीएवढंच असावं, इतकंच म्हणणं आहे.

यावर समोरून येणारं उत्तर मला माहीत आहे आणि ते फालतू नाही. ‘तुम्ही स्वस्त दर घेतला, जोखीम पत्करली, आता तक्रार कशाला?’ हे बरोबरच आहे, एका मर्यादेपर्यंत. समजा काही घडलं नसतं, मे महिन्यात श्रीनगर गजबजलेलं असतं आणि मला आदल्या दिवशी मनालीला जावंसं वाटलं असतं. हॉटेलमालकाने माझ्यासाठी दोन कुटुंबांना परत पाठवलं असतं. अशा वेळी त्यांनी पैसे ठेवले असते तर मी ब्र काढला नसता. स्वस्त दर हा त्याच जोखमीचा मोबदला असतो. पण विमानतळ बंद होणं, ही मी अडीच हजारांच्या सवलतीत विकत घेतलेली जोखीम नव्हती. आणि जोखमीचा फायदा ज्याला मिळायचा, त्यानेच तो सोडून दिल्यावर मधल्याने तो खिशात घालायचा, हे तर कुठल्याच अटीत लिहिलेलं नव्हतं.

आपला कायदाही साधारण असंच बघतो. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं, की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असं लिहिलेलं असलं तरी ती आपोआप पूर्ण मिळत नाही. त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हा नियम आधीच भरलेल्या पैशांनाही लावला. दिल्लीतल्या एका बंगल्याचा तो सौदा होता. खरेदीदाराने 25,000 रुपये दिले होते, त्यातले 1,000 बयाणा म्हणून. सौदा फिसकटला आणि विकणाऱ्याने सगळेच पैसे जप्त केले. न्यायालयाने 1,000 ची जप्ती मान्य केली, उरलेल्या 24,000 ची नाही. ‘जप्त होईल’ असं लिहिलंय म्हणून सगळं जप्त करता येत नाही, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. हॉटेलला लावायचं तर एका रात्रीचं भाडं बयाणा म्हणून ठेवणं समजू शकतं. चार रात्रींचं अख्खं भाडं हा बयाणा नव्हे, दंड आहे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने यात भर घातली. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणारा करार हा ‘अनुचित करार’ ठरू शकतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्याच वर्षी, पायोनियर अर्बन कंपनीच्या फ्लॅटच्या प्रकरणात, बिल्डरने लिहिलेल्या एकतर्फी अटींवर ग्राहकाची सही आहे एवढ्यावरून तो बांधला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आणि 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत एक कलम आहे, जे प्रत्येक प्रवाशाने पाठ करून ठेवावं. ऑनलाइन कंपनीने स्वतः ऑर्डर रद्द केल्यावर ती जर तसंच शुल्क भरत नसेल, तर ग्राहकाकडूनही रद्द करण्याचं शुल्क तिने घेऊ नये. आता आठवून बघा. रात्री अकरा वाजता ‘तुमचं बुकिंग आमच्याकडे दिसत नाही’ म्हणून हॉटेलच्या दारातून परत पाठवलं, तर आपल्याला काय मिळतं? फार तर आपलेच पैसे परत. शंभर टक्के दंड फक्त एकाच बाजूला.

हे वाचत असताना मला एक जुनी गोष्ट आठवली. बयाणा हा शब्दच अरबी ‘बै’, म्हणजे सौदा, यावरून आलेला. आणि त्या बयाण्यावरचा वाद फिक्हमध्ये बाराशे वर्षांहून जुना आहे. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये सौद्यांच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच तो येतो. अरबीत त्या व्यवहाराला ‘उरबान’ म्हणतात. इमाम मालिक तो उलगडून सांगतात ते उदाहरण बघण्यासारखं आहे. माणूस काही विकत घेतो किंवा प्रवासासाठी जनावर भाड्याने ठरवतो, मालकाला थोडे पैसे देतो आणि म्हणतो, मी सौदा पुरा केला तर हे किमतीत धर, नाही केला तर तुझे. म्हणजे चर्चा प्रवासाच्या आगाऊ बुकिंगचीच आहे, फक्त तिथे हॉटेलच्या जागी उंट आहे. हा व्यवहार पैगंबरांनी मना केल्याची रिवायत मालिक देतात. हनफी, मालिकी आणि शाफई पंथ त्यामुळे तो नाजायज मानतात. कारण देतात ते असं, की पैशाच्या बदल्यात काहीच दिलेलं नाही. हंबली पंथ मात्र त्या रिवायतीला कमजोर मानतो आणि बयाणा ठेवून घ्यायला परवानगी देतो. 1993 मध्ये ब्रुनेईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीच्या बैठकीत, मुदत ठरलेली असेल तर तो चालेल, असा निर्णय झाला.

या मतभेदात कोणाची बाजू घ्यायची हे उलेमांचं काम. माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्या एका शब्दाने, ‘इकाला’. झालेला सौदा, समोरच्याला नको झालाय म्हणून राजीखुशीने परत घेणं, याला इकाला म्हणतात. अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत त्यावर हदीस आहे. तिचा आशय असा, की जो दुसऱ्याला त्याच्या सौद्यातून मोकळं करतो, त्याच्या चुका कयामतच्या दिवशी अल्लाह माफ करील. इकाला हे कर्तव्य नाही. विकणारा नाही म्हणू शकतो आणि त्यात गुन्हा नाही. पण हो म्हणणाऱ्याला मोठं मानलं आहे. राजबागच्या त्या हॉटेलमालकांनी जे केलं ते नेमकं हेच होतं. त्यांनी मला मोकळं केलं. आणि त्यांनी दिलेली मोकळीक एक कंपनी अडवून बसली होती, जिचा त्या खोलीवर, गादीवर, भिंतीवर काडीचा हक्क नव्हता.

आता भांडलो कसं, तेही सांगतो. अनेकांना नेमकी तीच माहिती हवी असते.

पहिली गोष्ट, फोनवरच्या बोलण्याला किंमत नाही. प्रत्येक फोननंतर मी काय बोलणं झालं ते ईमेलने कंपनीला लिहून पाठवलं. विमान रद्द झाल्याचा संदेश, बुकिंगचा कागद, रद्द करतानाची ‘0’ दाखवणारी स्क्रीन आणि हॉटेलमालकाचा ईमेल, हे चार पुरावे एकत्र ठेवले. त्यातला शेवटचा सगळ्यात मोलाचा. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी हॉटेलशी थेट बोला. अनेकदा ते अडवत नसतात, त्यांच्या नावाने दुसरंच कोणी अडवत असतं.

दुसरी गोष्ट, कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेत वाद नोंदवता येतो. त्याला चार्जबॅक म्हणतात. त्याची मुदत साधारण 120 दिवसांची असते, पण वाट बघू नये. माझ्या बँकेने दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा केली. मला आनंद झाला. सव्वा महिन्याने ती परत काढून घेतली, कारण कंपनीने अटींच्या पानाचं चित्र पाठवलं होतं. हॉटेलमालकाचा ईमेल कोणी वाचल्याचं दिसत नव्हतं. मी लेखी हरकत घेतली. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. पण एक लक्षात ठेवा. लोकपाल बँकेची चूक तपासतो, हॉटेल कंपनीची नाही.

तिसरी गोष्ट, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नंबर 1915. मी तिथे तक्रार नोंदवली आणि तीत भावनेचा एक शब्दही घातला नाही. हॉटेलने 8 मेला शुल्क माफ केलं, हॉटेलला पैसे गेलेले नाहीत, तर 21,504 रुपये कोणत्या नुकसानीपोटी आणि कोणाच्या वतीने ठेवले आहेत ते लेखी कळवावं, एवढंच विचारलं. विमानतळ बंद झाल्याने करारच अशक्य झाला, हा मुद्दा मी पुढे केला नाही. तो वादाचा आहे. हॉटेल तर उघडं होतं, खोली तयार होती.

हेल्पलाइनला निकाल देण्याचा अधिकार नाही, ती फक्त कंपनीला विचारते. तिथे काही झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग होता. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. मात्र ‘अनुचित करार’ म्हणून दाद मागायची तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. म्हणून छोट्या रकमेसाठी सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यावरच जिल्ह्यात तक्रार करणं सोयीचं. एवढी तयारी ठेवली होती, पण गरज पडली नाही. हेल्पलाइनवर तक्रार केल्यापासून तीन आठवड्यांनी कंपनीने ‘विशेष बाब म्हणून’ 21,504 रुपये परत केले. 596 रुपये ठेवून घेतले. त्यासाठी मी भांडलो नाही. बुकिंग करून देण्याचं काम त्यांनी केलं होतं.

‘विशेष बाब’ हे शब्द मात्र खटकले. त्या महिन्यात काश्मीरची बुकिंग रद्द करणारी हजारो कुटुंबं होती. त्यातल्या किती जणांनी ‘0’ बघून फोन खाली ठेवला असेल? ज्याला इंग्रजीत ईमेल लिहिता येतो, ज्याच्याकडे तीन महिने पाठपुरावा करायला वेळ आहे, त्याला मेहरबानी. बाकीच्यांचे पैसे तिथेच. सामान्य काळात नॉन-रिफंडेबल दर चालू द्या, पण सरकारने विमानतळ बंद केला किंवा पर्यटनस्थळ बंद केलं तर तो दर आपोआप गळून पडावा. आणि हॉटेलने सोडलेला पैसा मधल्याला ठेवता येऊ नये. एवढे दोन नियम केले तर कोणाला मेहरबानी मागावी लागणार नाही. विमान कंपन्यांनी पहलगामनंतर श्रीनगरच्या तिकिटांवरचं शुल्क काही दिवस माफ केलं, तेव्हा त्या काही बुडाल्या नाहीत.

पैसे आल्यावर मी हॉटेलमालकांना फोन केला. म्हटलं, तुमचं खरोखर काही नुकसान झालं असेल तर सांगा, मी पाठवतो. त्यांनी हसून विषय बदलला. मग थोडं थांबून म्हणाले, माझं राहू द्या, पण तुमच्यासाठी जी गाडी सांगून ठेवली होती त्या मुलाने ते चार दिवस मोकळे ठेवले होते. त्याचा हप्ता चुकला.

हे मला माहीतच नव्हतं. गाडी फोनवर ठरली होती, आगाऊ एक पैसा दिलेला नव्हता. ना अ‍ॅप, ना अट, ना पॉलिसी, नुसता शब्द. तीन महिने मी कंपनीला विचारत होतो की नुकसान कोणाचं झालं ते सांगा, आणि ज्याचं थोडंफार झालं होतं तो यादीतच नव्हता. कायद्याने मी त्याचं काही देणं लागत नव्हतो. त्याला 2,000 रुपये पाठवले. तो घेईना. शेवटी एका अटीवर घेतले, की हे पुढच्या भाड्यातून वळते करीन.

म्हणजे आता माझा बयाणा त्याच्याकडे आहे. अम्मी दर आठवड्याला विचारते, तारीख कधीची काढतोयस.